वय ६६, पुरात खराब झालेले घरचे फोटो स्वतः दुरुस्त करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची, माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले तीन अल्बम त्यात गेले. पाणी ओसरल्यावर धान्य, गाद्या, चिखल उपसणं ह्यातच पंधरा दिवस गेले आणि अल्बमकडे बघायला सवड मिळाली तोवर पानं एकमेकांना चिकटली होती. जे सुटले ते शंभर सव्वाशे फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले, आणि खरं सांगायचं तर चार वर्षं मला ते उघडून बघवले नाहीत.

आता उघडलेत. त्यात आईचा १९५७ चा एक फोटो आहे, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा. खुर्चीत बसलीय, नऊवारी, मागे रंगवलेला पडदा त्यावर खांब आणि जिना, शेजारी उंच स्टुलावर फुलदाणी. चिखलाच्या पाण्याची तपकिरी रेघ पडद्यावरून, मग डाव्या खांद्यावरच्या काठावरून आणि तिच्या गालावरून गेलीय. भुवईवर बुरशीचा पांढरा ठिपका. आईचा तरुणपणचा एवढा एकच फोटो आहे आमच्याकडे.

एका स्टुडिओत दुरुस्तीला दिला होता. दोन दिवसांनी त्यांनी मोठा करून, लॅमिनेट करून दिला. रेघ गेली होती, पण आईही गेली होती हो. गाल मेणासारखा गुळगुळीत, डोळे मोठे, आणि हनुवटीवरचं गोंदण साफ पुसलेलं. त्यांना तो डाग वाटला असणार. मी तो फोटो भिंतीवर लावला नाही.

तेव्हाच ठरवलं की हे आपणच शिकायचं. एका कॉम्प्युटर क्लासला चार दिवस गेले, बाकी सगळी विशीतली मुलं, सर भराभर बटणं दाबत पुढे जायचे आणि माझ्या वहीत नुसती बटणांची नावं उतरली, कुठलं बटण कशासाठी हे काहीच नाही. मुलगा म्हणतो आई तू मला पाठव मी करून देतो. पण मला करून नकोय, शिकायचंय, मला तो फोटो माझ्या हाताने साफ करायचाय.

लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅमचा. उजवा हात जरा थरथरतो. इंग्रजी मेनू वाचता येतात. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, आणि आधी काय शिकू मग काय, हे कोणी क्रमाने सांगेल का?

पाऊलवाट

ताई, वाचून गलबललो. आमचंही गाव कृष्णेकाठचं, २०१९ ला आम्हीही असेच अल्बम वाळत घातलेत.

सॉफ्टवेअरच्या आधी स्कॅनिंग, कारण तिथे चूक झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, काचेचा सपाट स्कॅनर लागतो, घरी ऑल इन वन प्रिंटर असेल तर त्याच्या झाकणाखाली तोच असतो. नसेल तर झेरॉक्सवाल्याकडे जा आणि त्याला तीन शब्द लिहूनच द्या: ६०० डीपीआय, कलर, टिफ. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, आणि टिफ हा फाइलचा प्रकार. सहा बाय चार इंचाचा फोटो ६०० वर स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, फाइल साधारण २५ एमबीची होते, होऊ दे. जेपीजी प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह केली की थोडी थोडी खराब होत जाते, टिफचं तसं होत नाही. आणि ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून अजिबात मागवू नका, व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून बारीक करतं, पेनड्राइव्हवर घ्या नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

फोटोवर अजून वाळलेला चिखल असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, जिलेटिनचा थर असतो तो ओला झाला की सुटतो. मऊ कोरडा ब्रश हलक्या हाताने, तेवढंच. काचेला चिकटलेला फोटो असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

सॉफ्टवेअर म्हणाल तर गिम्प. फुकट आहे, १९९६ पासून आहे, ८ जीबीवर आरामात चालतं. फोटोशॉप उत्तमच, पण दर महिन्याला पैसे भरायचे आणि त्यातलं नव्वद टक्के तुम्हाला लागणारही नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, २०२५ मध्ये गिम्पचं ३.० आलं, त्यामुळे यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत आयकॉन वेगळे दिसतील, गोंधळू नका, टूलची नावं तीच आहेत.

आधी एवढंच शिका: फाइल उघडणं, झूम, कंट्रोल झेड (केलेलं मागे घेणं), लेयरची कॉपी करणं, आणि हील टूल (डाग भरून काढणारं). बास. पंधरा दिवस दुसरं काही उघडूच नका. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला बटर पेपर समजा, वर काहीही गिरवलं तरी खालचा फोटो तसाच राहतो. हील टूल घ्यायला कीबोर्डवर एच दाबायचं, कंट्रोल धरून स्वच्छ जागेवर एक क्लिक, मग डागावर क्लिक. ब्रश लहान मोठा करायला चौकोनी कंसाची दोन बटणं आहेत.

हाताचं म्हणाल तर माउस ओढत गिरवायचंच नाही. झूम ४०० टक्के करा आणि टिपक्या टिपक्याने एकेक क्लिक. विंडोजमध्ये माउसचा वेग कमी करून ठेवा, आणि गिम्पमध्ये ब्रशच्या ऑप्शनमध्ये स्मूथ स्ट्रोक आहे ते ऑन केलं की थरथर बरीच आवरते. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, ते असंच करतात.

हायपोचावास

ताई, मी सांगलीकडचा, वय ७२, तीस वर्षं डार्करूममध्ये काढली. डिजिटल आल्यावर स्टुडिओ बंद केला आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. ६३ व्या वर्षी नातीने बळेच बसवलं. मेनू उघडला तर डॉज आणि बर्न! अहो हे तर आमचंच. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र, त्याखाली कागदावर उजेड पडत असताना तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून चेहऱ्यावर हलवत ठेवायचो, तिथे उजेड कमी पडून भाग उजळ यायचा, ते डॉज. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून जास्तीचा उजेड द्यायचो की भाग गडद, ते बर्न. पुढे अनशार्प मास्क दिसलं, फोटोच्या कडा ठळक करणारं, तेही डार्करूममधलंच. त्या दिवसापासून भीती गेली ती गेलीच.

हे सांगतोय कारण तुमच्या कामाला आमची एक जुनी युक्ती लागू पडते. पिवळा किंवा तपकिरी डाग पडलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो गिऱ्हाईक घेऊन आला की आम्ही कॅमेऱ्याला तांबडा किंवा नारिंगी फिल्टर लावून त्याची कॉपी काढायचो. त्या रंगातून बघितलं की त्या रंगाचा डाग दिसतच नाही. कॉम्प्युटरमध्ये हेच घरबसल्या होतं. वर पाऊलवाट यांनी कलरमध्ये स्कॅन करा म्हटलंय ते सोडू नका, फोटो काळापांढरा असला तरी कलरच. मग गिम्पमध्ये कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज, असं जाऊन आरजीबी (तांबडा, हिरवा, निळा) निवडा, तुम्हाला एकाच फोटोचे तीन काळेपांढरे लेयर मिळतील. निळ्या लेयरमध्ये चिखलाची रेघ काळीकुट्ट दिसेल आणि तांबड्या लेयरमध्ये ती जवळजवळ नसेल. तो तांबडा घ्या, बाकी दोन बंद करा. निम्मं काम ब्रश न उचलता झालं.

उरलं ते हाताने. कुठून सुरुवात करायची हे फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की सहा महिने त्याला चेहऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग चालायचं, मागून उजेड, पुढे भिंग, आणि पोरगं नुसते पडदे आणि कोट करत बसायचं. तुम्हीही तसंच करा. आधी पडदा, तिथे चुकलं तरी कळत नाही. मग साडी. मग काठ, आणि काठाशी हील वापरू नका, दोन रंगांच्या सीमेवर ते आजूबाजूचं कालवून धुरकट करतं, तिथे क्लोन टूल घ्या, ते आहे तसं उचलून ठेवतं. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तिथे जितकं कमी कराल तितकं चांगलं. गालावर थोडी रेघेची छटा राहिली तरी चालेल, आई आईसारखी दिसली पाहिजे.

गोंदणाचं वाचून वाईट वाटलं. आमच्या वेळी रिटचिंग करणारा गिऱ्हाइकाला विचारायचा, हा तीळ आहे की डाग, ठेवू की काढू. एवढं विचारायला काय लागतं?

निळीजांभळी

मी ७० ची, पुण्यात असते, पाच वर्षं झाली शिकतेय. बाकीच्यांनी सांगितलंय ते बरोबरच आहे, मी फक्त डोळ्यांबद्दल बोलते कारण ते कोणी सांगत नाही.

मी माझ्या लग्नाच्या अल्बममधले फोटो दुरुस्त करत होते, १९७९ चे, कलर, सगळे लालसर झालेले. दोन महिने लावून पंचवीस तीस फोटो मनासारखे केले. मग मोतीबिंदूचं पहिलं ऑपरेशन झालं आणि पट्टी काढल्यावर आठवड्याने लॅपटॉप उघडला तर सगळे फोटो निळेशार! माझी मोतिया रंगाची साडी आभाळासारखी झालेली. एक डोळा झाकला की पिवळं, दुसरा झाकला की निळं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं, आपल्याला ते कळत नाही कारण ते हळूहळू होतं, आणि मग फोटो पिवळा दिसतो म्हणून आपण त्यात निळा घालत बसतो. क्लोद मोने म्हणून मोठा फ्रेंच चित्रकार होता त्याचंही असंच झालं होतं, १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो ८२ वर्षांचा होता आणि त्यानंतर त्यालाही रंग फार निळे दिसायला लागले.

त्यामुळे ताई, डोळ्यांवर नाही तर आकड्यांवर विश्वास ठेवा. कलर पिकर नावाचं टूल आहे, ड्रॉपरचं चित्र असतं त्याचं. फोटोत जी गोष्ट खरोखर पांढरी किंवा करडी होती हे तुम्हाला ठाऊक आहे तिच्यावर क्लिक करा, शर्टाची कॉलर, चुन्याची भिंत, धोतर. तीन आकडे येतात, लाल हिरवा निळा, ० ते २५५. तिन्ही जवळपास सारखे असतील तर रंग बरोबर. २२५, १९०, १८० असे आले तर फोटो लालसर आहे, मग तुमच्या डोळ्याला काहीही दिसो.

त्या काळातले कलर प्रिंट अल्बममध्ये नुसते पडून लाल होतात कारण त्यांतला निळसर हिरवा रंग, सायन, आधी उडतो. त्याला लेव्हल्स नावाचं टूल लावायचं, पण तिन्ही रंगांना एकत्र नाही, वर चॅनलचा मेनू असतो त्यात एकेक रंग निवडून. लालमध्ये गेलात की आलेख डाव्या टोकापासून सुरूच होत नाही असं दिसेल, मध्येच कुठेतरी सुरू होतो, काळा त्रिकोण तिथपर्यंत सरकवा. मग हिरवा, मग निळा, तसंच.

आणि लॅपटॉपचं नाइट लाइट बंद आहे ना बघा! ते संध्याकाळी आपोआप चालू होतं आणि स्क्रीन पिवळी करतं. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवलीय.

वाशिष्ठीकाठची

किती आपुलकीने लिहिलंय सगळ्यांनी, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय, ह्या वेळी कशासाठी हे पण लिहिलंय.

निळीजांभळी ताई, तुमचा शेवटून दुसरा परिच्छेद वाचला आणि मी ताडकन उठून बसले. समजा ९० पासून २४० पर्यंतचे आकडे ओढून ० ते २५५ करायचे, म्हणजे हे रेषीय समीकरण झालं की! मग कर्व्ह्ज नावाचं टूल उघडून बघितलं तर तो सरळ सरळ आलेख आहे, आडव्या अक्षावर जुनी किंमत, उभ्यावर नवी. रेषा जास्त चढी केली की तिथे फरक वाढतो, सपाट केली की कमी होतो. हे मी तीस वर्षं दहावीला शिकवलंय. क्लासमध्ये सर म्हणाले होते ह्या रेषेला एस आकार द्यायचा, बस, का ते सांगितलंच नाही, म्हणून डोक्यात शिरलं नव्हतं.

एक अडचण. पडदा थोडासा साफ केला आणि सेव्ह केलं, पण फाइल मोबाईलवर उघडतच नाही, नावाच्या शेवटी एक्ससीएफ असं काहीतरी आलंय. माझं काम गेलं का?

पाऊलवाट

नाही नाही, काही गेलं नाही, उलट बरोबरच केलंत. एक्ससीएफ ही गिम्पची स्वतःची फाइल, त्यात लेयर जसेच्या तसे राहतात, ती दुसरीकडे सहसा उघडत नाही. रोजचं काम त्यातच सेव्ह करत जा. कोणाला पाठवायचं किंवा प्रिंट काढायचं असेल तेव्हा फाइल मेनूमध्ये एक्सपोर्ट ॲज करून शेवटी जेपीजी लिहायचं. आणि मूळ स्कॅनची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, त्यावर चिठ्ठी लावून, वरच्या मजल्यावर ठेवा. चिपळूण आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

कीबोर्डवाला

काकू एवढा त्रास कशाला, आता एआय आहे, फोटो टाकला की दहा सेकंदात साफ होऊन मिळतो, कलर पण करून देतं. माझ्या आजोबांचा केला, घरी सगळे खूश झाले.

हायपोचावास

बाळा, आजोबांचा फोटो चांगला झाला ह्याचा आनंद आहे. पण जो भाग चिखलाने खाल्ला तो त्या मशीनला परत मिळत नाही, त्याने पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून तिथे काय असेल ते ते ठोकताळ्याने भरतं. पडद्यावर खांब भरला तर भरू दे, खांबाला कोणी ओळखत नाही. पण चेहऱ्यावर भरलं की तो त्या माणसाचा राहत नाही, आणि ताईंच्या बाबतीत नेमकं तेच झालंय. वापरायचं तर चेहरा सोडून वापर, आणि फाइलच्या नावातच एआय लिहून ठेव, म्हणजे वीस वर्षांनी तुझ्या मुलांना खरा फोटो कुठला ते कळेल.

कीबोर्डवाला

हे लक्षात नव्हतं आलं काका. मूळ फोटो आहे आत्याकडे, ह्या रविवारी जाऊन स्कॅन करून आणतो.

वाशिष्ठीकाठची

मंडळी, पाच आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं. रोज दुपारी चहा झाला की तासभर बसते.

तांबड्या लेयरची युक्ती केली तेव्हा विश्वास बसेना. निळ्या लेयरमध्ये रेघ अशी की कोणी चाबूक मारलाय, आणि त्या लेयरपुढचं डोळ्याचं चित्र बंद करून तांबडा उघडला तर फक्त एक सावली. मी मुलाला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, तो इंजिनियर आहे, त्यालाही हे माहीत नव्हतं. काकांना मनापासून नमस्कार.

पडद्याला बारा दिवस लागले. जिन्याच्या पायऱ्या क्लोनने एकीवरची दुसरीवर उचलून ठेवल्या. काठाला सगळ्यात जास्त वेळ गेला, बारीक नक्षी आहे, ती रेघेपाशी नेमकी अर्धी तुटते, तर उजव्या खांद्यावरचा तोच नमुना उचलून, आडवा उलटा करून बसवला. ह्या कामात एक गोष्ट दिसली, जी हातात फोटो धरून मला पन्नास वर्षांत दिसली नव्हती. ४०० टक्क्यांवर आईच्या डाव्या हाताच्या मुठीत रुमाल आहे, घट्ट आवळलेला. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसली असणार, घाबरली होती बिचारी. स्टुडिओवाल्यांच्या फोटोत तिथे नुसती बोटं आहेत.

मग हनुवटी. गोंदणाचे ठिपके मला चार दिसत होते, तीन ओळीत आणि एक जरा खाली डावीकडे. मला तीन आठवत होते, पण शपथेवर सांगता येईना, आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हील टूल हातात घेऊन बसले होते आणि क्लिक करवेना. शेवटी मावशीला गुहागरला फोन लावला, ती ८४ ची आहे, तिला कमी ऐकू येतं, तीनदा ओरडून विचारलं. ती म्हणाली अगं तीनच, आम्ही दोघी एकाच दिवशी एकाच बाईकडून गोंदवून घेतलं, मी रडले म्हणून माझे दोनच राहिले.

चौथा ठिपका काढला. काल सहा बाय चारचं प्रिंट काढून आणलं, त्याच मापाचं, मोठं केलं नाही. गालावर रेघेची थोडी छटा आहे अजून, ती तशीच ठेवलीय. उद्या सकाळच्या गाडीने मावशीकडे घेऊन जातेय.